येऊ का?

१

बंदराच्या टॉवरमध्ये मी वायरलेसवर बसते. जहाजांना हाक मारायची, कोण कुठे पोचलं ते विचारायचं, आत या किंवा थांबा म्हणून सांगायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं फार थरारक असेल. प्रत्यक्षात दिवसभर खुर्चीत बसून गार झालेला चहा प्यायचा आणि कप्तान लोकांची कुरकुर ऐकायची. शेजारी दुर्बीणकाका असतात. सतत डोळ्यांना दुर्बीण लावून बसलेले, म्हणून दुर्बीणकाका. समोरच्या टेबलावरचा स्वतःचा चष्मा मात्र त्यांना सापडत नाही.

फक्त एक गोष्ट मला तेव्हा करावी लागायची, जी दुसऱ्या कुठल्या वायरलेसवालीच्या वाट्याला आली नसेल. सैन्याचं सामान नेणारं एक मोठं राखाडी जहाज आमच्या धक्क्यावरून सुटायचं. त्याच्या अंगावर पांढऱ्या ठळक अक्षरांत माझ्या धाकट्या भावाचं नाव आहे, हुद्द्यासकट. तो सैन्यात ट्रक चालवायचा. वेढल्या गेलेल्या एका ठाण्यावर पाणी घेऊन निघाला होता, तेव्हा गेला. पाणी पोचलं, असं आम्हाला नंतर सांगितलं. पेटी बंद आली. उघडू नका म्हणाले, आम्ही उघडली नाही. काही महिन्यांनी जहाजाला त्याचं नाव मिळालं.

म्हणजे मला माइकमध्ये रोज त्याला पूर्ण नावाने हाक मारावी लागायची आणि विचारावं लागायचं, "टॉवर बोलतोय, आवाज येतोय का?" मग पलीकडून कुणी अनोळखी पुरुष म्हणायचा, "येतोय, टॉवर. बोला." सुरुवातीला प्रत्येक वेळी मी बटण सोडायला विसरायचे. मग सवय झाली. घरी त्याला त्या नावाने कुणी हाक मारलीच नव्हती, त्याचाही उपयोग झाला. घरी तो भोंगा. जन्मल्या जन्मल्या असा काही गळा काढला की आजोबा म्हणाले, हा मुलगा आहे की बंदरातला भोंगा? तेच चिकटलं.

जहाज म्हटलं की 'ते', बोट म्हटली की 'ती'. हे काही कुणाला शिकवावं लागत नाही. पण या एका जहाजाला बंदरातली माणसं कधीपासून 'तो' म्हणायला लागली, मला सांगता येणार नाही. "तो उद्या सुटतोय." "त्याचे दोर सोडा रे." एकदा क्रेनवाला खालून ओरडला, "थांबा जरा, आज तो अस्वस्थ आहे!" आणि कुणीही हसलं नाही. माणसाचं नाव आहे म्हणून तोंडात 'तो' येत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत पटण्यासारखी होती.

२

जहाजाला नाव दिलं त्या दिवशी आईला व्यासपीठावर बोलावलं होतं. एका अधिकाऱ्याने तिला पढवून ठेवलं होतं: दोर सुटले की माइकमध्ये म्हणायचं, "जा, विजयी हो." आई आदल्या दिवसापासून म्हणून बघत होती आणि 'जा'पाशी अडखळत होती.

"असं कसं गं तोंडावर 'जा' म्हणायचं?"

"जहाजाला म्हणायचंय आई, माणसाला नाही."

"नाव कुणाचं आहे त्याच्यावर?"

आपल्याकडे घरातून निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरातला 'ये' म्हणतो. 'जा' म्हणायचं ते भांडणात. भोंग्याला याची लहानपणापासून भारी गंमत वाटायची. शाळेत निघाला की दारात एका पायात बूट, दुसरा हातात, चौकटीवर टकटक करून विचारायचा, "येऊ का?" आई म्हणायची, "ये." मग हा खो खो हसायचा. "मी येऊ विचारतो, तू ये म्हणतेस, आणि मी जातो! आपल्या घरात सगळंच उलटं." मोठा झाला, मिशा फुटल्या, गणवेश चढवला, तरी दारातला हा कार्यक्रम चुकला नाही. शेवटच्या सुट्टीनंतर निघाला तेव्हाही तसाच एका पायावर उभा होता, दुसऱ्या पायाने पोटरी खाजवत. "येऊ का?" आणि आई म्हणाली, "ये हं. लवकर ये."

तर त्या दिवशी दोर सुटले, बँड थांबला, ते प्रचंड राखाडी धूड हळूच धक्क्यापासून हललं. आईने माइक धरला. तिचे ओठ 'जा'साठी उघडलेले मी पाहिले. आणि ती म्हणाली, "ये हं, बाळा. सांभाळून ये."

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पढवणारा अधिकारी स्वतःच नाक पुसत होता. ही चूक झाली असं कुणालाही वाटलं नाही. मलाही नाही.

जहाज त्याच दिवशी ऊन उतरायच्या आत परत आलं.

सुकाणू ऐकत नाही, म्हणाले. मेकॅनिक आत उतरले, सगळं उघडून बघितलं, हात काळे करून वर आले. सुकाणू ठणठणीत होतं. पुढच्या खेपेला इंजिनाची तक्रार आली, तीही खोटी ठरली. त्यानंतर कप्तानाने कारण सांगणंच सोडून दिलं. भरसमुद्रातून नुसता त्याचा थकलेला आवाज यायचा, "टॉवर, परत येतोय." पोटात पाण्याच्या टाक्या आणि घोंगड्या घेऊन जहाज पुन्हा आमच्याच धक्क्याला लागायचं. लांबच्या ठाण्यावरची माणसं तिकडे वाट बघत बसलेली.

आणि प्रत्येक वेळी, कप्तान बोलायच्या आधी, माझ्या कानात एक आवाज यायचा. लाकडावर बोटाने मारल्यासारखी टकटक.

मी या धंद्यात मुरलेली बाई आहे. वायरलेसवर काय काय ऐकू येतं ते मला कुणी सांगू नये. सैल झालेली वायर टकटक करते, माइकचं बटण अडकलं की करते, लांबवर कुठे वीज चमकली तरी करते. मी हेडफोन बदलून घेतला. मग वायर बदलून घेतली. टकटक तीच राहिली.

३

आमचं घर बंदराच्या वरच्या चढावर आहे. दोन खोल्या, आणि पुढे एक दार, जे आत ओढून वर उचलल्याशिवाय त्याची कडी लागत नाही. आईने ती लावणं बंद केलं.

"अगं, वाऱ्याने दार आपटतं दिवसभर," मी म्हटलं.

"आपटू दे. त्याच्या हातात सामान असलं तर?"

"कुणाच्या?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू वेड मलाच लागलंय. भोंग्याचे घरातले जोडे तिने माळ्यावरून काढून दाराशी मांडले होते, धूळ पुसून. एक सरळ, एक जरा तिरका, तो सोडायचा तसे.

जहाजाचा भोंगा वाजला की ती हातातलं टाकून उठायची. भाजी अर्धी चिरलेली, नळ चालू, तशीच चप्पल अडकवून उतारावरून खाली धक्क्यावर. धक्क्याच्या टोकाला पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, त्यांच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहायची. पहारेकरी तिला ओळखत होते, कोण हटकणार? जहाज लागायचं, माणसं उतरायची, ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची आणि मग एकटी चढ चढून घरी यायची. मग जेवायची नाही. तिचा ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागला, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले आजार काही नाही, त्यांना दुसरीकडे कुठेतरी घेऊन जा. मी सुचवून पाहिलं.

"मी इथे नसेन आणि तो आला तर?" ती म्हणाली. मग अगदी समजुतीने, मीच लहान असल्यासारखं, "अगं, येतोय गं तो. दर वेळी थोडा जास्त जवळ येतोय. परवा तर पायरीपासून हातभरावर होता. तू बघ, आता एकदा येईल तो थेट आतच येईल."

ते खरंच होतं. जहाजाचा आत शिरण्याचा वेग दर खेपेला वाढत होता, आणि नाक पायऱ्यांच्या जास्त जास्त जवळून जात होतं. दुर्बीणकाकांच्याही ते लक्षात आलं होतं. फक्त मी हे आईशी जोडलं नव्हतं. भाऊ गेला होता, आता समोर बसलेली आईही डोळ्यांदेखत निसटत चालली होती. मला एवढंच कळत होतं आणि रात्रंदिवस तेवढीच भीती वाटत होती.

४

कँटीनमध्ये जहाजावरचा स्वयंपाकी भेटला. आडदांड, गप्पिष्ट माणूस. पण त्या दिवशी चमचा नुसताच ढवळत बसला होता.

"बाई, तुम्ही त्याची बहीण ना? मग तुम्हाला सांगायला हरकत नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे कुणीतरी दारात येतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही कामात असता, पाठमोरे. दारावर टकटक होते. आवाज येतो, 'येऊ का?' एकदम साधा आवाज हो, भीती वाटण्यासारखं काही नाही त्यात. आपण म्हणतो, 'ये की रे.' आणि कुणी आत येत नाही. वळून बघावं तर दार रिकामं." त्याने चमचा खाली ठेवला. "सगळ्यांना होतं. कप्तानालाही. कुणी कुणाशी बोलत नाही, एवढंच."

"आणि तुम्ही सगळे 'ये' म्हणता?"

"मग काय म्हणणार? कुणी येऊ का विचारलं तर माणूस ये म्हणतो."

मी त्याच्याबरोबर जहाजावर गेले. दुपारची वेळ होती, सगळीकडे दिवे, माणसांची ये-जा. मला वाटलं, एकदा डोळ्यांनी बघावं आणि मोकळं व्हावं. शिडीच्या तोंडाशी भोंग्याचा फोटो आहे, काचेत, गणवेशातला. त्याने एवढा गंभीर चेहरा आयुष्यात दुसऱ्या कशासाठी केला नसेल. फोटोखाली पितळी पाटी. तिच्यावर बोटांचे ठसे होते, येता-जाता सगळे हात लावत असावेत.

स्वयंपाकी भांड्यांकडे गेला आणि मी एकटीच सामानाच्या कोठाराशी उभी राहिले. आत पाण्याच्या टाक्या एकावर एक. जहाज धक्क्याला बांधलेलं, तरी टाक्यांमधलं पाणी सगळं एकाच बाजूला कलून राहिलं होतं, घराच्या बाजूला. निदान मला तसं वाटलं. मी नीट बघायला वाकले.

माझ्या पाठीमागे, लोखंडी दाराच्या चौकटीवर, टकटक झाली. लोखंडावर बोट मारलं की खणखणीत वाजायला हवं. हा आवाज लाकडाचा होता. आमच्या घरच्या चौकटीचा.

मी वळले नाही. मनात म्हटलं, स्वयंपाकी असेल. मग मला त्याचा आवाज ऐकू आला, लांब, दुसऱ्या टोकाला, भांड्यांवरून कुणाला तरी झापत होता. माझ्या मागे कुणीतरी हळूच पायाने पोटरी खाजवली. जाड कापडावर कापड घासल्याचा तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

प्रश्न यायच्या आत मी दुसऱ्या दाराने पळाले. पळताना रडत होते. त्याच्या भीतीने नाही हो. भीती ही होती की त्याने विचारलं असतं, आणि मी 'ये' म्हणाले असते.

५

पुढच्या खेपेला जहाज निघालं तेव्हा धुकं होतं. भर दुपारी टॉवरच्या काचा पांढऱ्या झालेल्या. तरी ठाण्यावरून निरोपावर निरोप येत होते, पाणी संपत आलं होतं, थांबून चालणार नव्हतं. मी परवानगी दिली. राखाडी सावली धुक्यात विरली. आम्ही चहा मागवला.

चहा यायच्या आत कानात टकटक झाली.

"टॉवर," कप्तान ओरडत होता, "वळतोय! आम्ही इंजिन बंद केलंय. बंद आहे इंजिन, तरी पुढे चाललाय. ऐकत नाही तो!"

"नांगर टाका!"

"टाकलाय. नांगरासकट ओढत नेतोय!"

दुर्बीणकाका काचेला नाक लावून उभे होते. धुक्यातून आधी पांढरी अक्षरं दिसली, माझ्या भावाचं नाव, मग नाक. ते धक्क्याकडे येत नव्हतं. सरळ पायऱ्यांकडे येत होतं. आणि वरच्या पायरीवर, डोक्यावरून पदर ओढून, आई उभी होती. तिने दोन्ही हात पुढे केले होते. शाळेतून पळत येणाऱ्या पोराला झेलायला करायची तसे.

"त्या बाईला कुणीतरी मागे ओढा!" काका किंचाळले, आणि मग त्यांना ती कोण ते कळलं असावं. पहारेकरी धावत सुटले होते, पण धक्का लांब आहे, पोचणार नव्हते. काका पुन्हा म्हणाले, वेगळ्याच आवाजात, "आणि हा नाकावर कोण उभा आहे? पडेल ना मूर्ख... एका पायावर काय उभा राहिलाय?"

मी त्यांच्या हातून दुर्बीण ओढली. धुकं मध्ये आलं, गेलं. कठड्यापाशी कुणीतरी होतं. एक पाय दुसऱ्या पोटरीवर. हातात काहीतरी लोंबत होतं, बूट असेल. चेहऱ्याच्या जागी धुकंच होतं.

कप्तानाचा आवाज मध्येच तुटला. कानात एकदम शांतता झाली, घरातली दुपारची शांतता असते तशी. मग अगदी जवळून, जरासं हसू दाबत:

"ताई, येऊ का?"

जिभेवर 'ये' तयार होतं. माझ्या मनात नव्हे, जिभेवर. जन्मभर वळण पडलेलं, आईने लावलेलं. तो कधीपासून दारात उभा होता, बिचारा, एका पायात बूट घालून. जाऊ का म्हणून विचारत होता, जसं आम्ही शिकवलं होतं तसं. आणि ज्याला विचारावं तो त्याला ये म्हणत होता. मग तो येत होता. आमचं शहाणं पोरगं, सांगितलेलं सगळं ऐकत होतं.

मी माइकचं बटण दाबलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"जा," मी म्हटलं. "भोंग्या, जा बाळा. जा तू."

पलीकडे कुणी हसलं नाही. क्षणभर श्वास ऐकू आला, एखाद्याच्या वर्मी लागेल असं बोलल्यावर येतो तसा. आणि मग जहाजाचा भोंगा वाजला. टॉवरच्या काचा थरथरल्या. तो वाजतच राहिला, लहान मूल गळा काढतं तसा, सूर वर चढवत, आणि मी कान झाकले तरी ऐकू येत होता.

नाक पायऱ्यांपासून माणसाच्या उंचीइतक्या अंतरावर थांबलं. त्याने आणलेली लाट मात्र थांबली नाही. ती पायऱ्यांवर फुटली, आई कमरेपर्यंत भिजली, आणि मग पहारेकऱ्यांनी तिला धरलं. मी पुन्हा दुर्बीण लावली. कठडा रिकामा होता.

"टॉवर," कप्तान म्हणाला. दम लागलेला, रडवेला. "टॉवर, वळलं. ऐकतंय आता ते. आम्ही निघतोय."

"गेलं एकदाचं," दुर्बीणकाका म्हणाले आणि मटकन खाली बसले. आपण काय म्हणालो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं: ते 'गेलं' म्हणाले होते, 'गेला' नाही. हेडफोन काढून मी टेबलावर डोकं टेकलं आणि पोटभर रडले.

६

घरी आले तेव्हा आई कोरडं लुगडं नेसून दाराशी बसली होती. समोर जोडे. ओले केस पाठीवर सोडलेले.

"तो पार जवळ आला होता," ती म्हणाली. "मग थांबला. तुझ्याशी बोलला का?"

"हो."

"काय म्हणाला?"

"येऊ का म्हणाला."

ती हसली. किती दिवसांनी हसली होती. "आणि तू काय म्हणालीस?"

मी तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला. मनगटाची नुसती काडी झाली होती. "ये म्हटलं, आई. दुसरं काय म्हणणार?"

आईने माझा हात थोपटला. मी शाळेत असताना काही लपवलं की थोपटायची तसा.

"ये म्हटलं असतंस," ती म्हणाली, "तर आला असता गं तो."

ती उठली. जोडे उचलले, पदराने पुसले, आत नेले. परत आली, दार लोटलं, आत ओढलं, वर उचललं आणि कडी लावली. मग चुलीपाशी जाऊन तिने स्वतःसाठी आणि माझ्यासाठी वाढून घेतलं आणि आम्ही दोघी जेवलो.

जहाज पाणी घेऊन ठाण्यावर पोचलं. पुढे त्याची नेमणूक दुसऱ्या किनाऱ्यावर झाली, आमच्या बंदरात ते आता येत नाही.

कडी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या आणि सवयीने दारातून म्हटलं, "आई, येते गं." ती पाठमोरी होती, पीठ चाळत होती. चाळणी थांबली. मी उंबऱ्यावर थांबले, थांबलेच, मूर्खासारखी.

"उशीर होईल तुला," आई म्हणाली. "नीघ."

त्यानंतर तिने कुणालाच 'ये' म्हटलेलं नाही. मी अजूनही रोज दारात थोडी थांबते.